आळंदीच्या अलीकडचा रस्ता

(भद्रावती इथे महिला मंडळांच्या एकत्र बैठकीत केलेले भाषण. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



वारीवर बोलायचं ठरलं तेव्हा आपल्यातल्या दोघीतिघींनी विचारलंच, की बायकांच्या संघटनेत वारी कशाला? प्रश्न रास्त आहे. देवाधर्माबद्दल आपल्यात एकमत नाही आणि ते व्हायलाच हवं असंही नाही. इथं माळकरी बाया आहेत, बौद्ध आहेत, गोंड आहेत, काहीच न मानणाऱ्याही आहेत. मी विठ्ठलावर बोलणार नाही. घरातून निघून, जिथून चालायला सुरुवात होते तिथवर बाई पोचते कशी, एवढाच माझा विषय आहे.

वारीबद्दल जे छापून येतं ते सगळं आळंदीपासून पुढचं. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबांची. मग अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालणं, दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद. पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, दवाखाने, पोलीस, सगळा सरकारी लवाजमा पालखीबरोबर चालतो. तो बायकांना पुरत नाही, यावर आपण बोलत आलो आहोत. पण भद्रावतीची बाई आळंदीला आली कशी, हे कुणी विचारत नाही. जणू ती तिथंच उगवली.

इथून पुणे सातशे किलोमीटरहून जास्त. गावाचं नाव भद्रावती, पण स्टेशनचं नाव अजून भांदकच आहे. दिल्ली-चेन्नईचा मोठा मार्ग आपल्या दारावरून जातो, दिवसभर कोळशाच्या वाघिणी जातात, पण लांबच्या बहुतेक गाड्या इथं थांबत नाहीत. म्हणजे आधी चंद्रपूर किंवा वर्धा गाठायचं. वर्ध्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस मिळते, ती पुण्याला नेते, पण जनरलच्या डब्यात रात्र काढायची तर शौचालयाच्या दाराशी बसून. मागच्या वारीला गेलेल्या एका मावशी म्हणाल्या, ‘‘चालाचं काय बाई, मी वावरात रोजच चालतो. मले आळंदीले पोचवून देजा, मंग पाहा.’’ हे वाक्य मी लिहून ठेवलं आहे. पंढरपूरपर्यंतचे अडीचशे किलोमीटर तिला अवघड वाटत नाहीत. त्याच्या अलीकडचे सातशे वाटतात.

मोहर्लीकडच्या गावांतल्या बायांचं तर आणखी वेगळं. पहाटेची गाडी धरायची तर अंधारात रस्त्यावर येऊन उभं राहावं लागतं. ताडोबाच्या कडेला राहणाऱ्या बाईला अंधारात रस्त्यावर उभं राहणं म्हणजे काय, ते मुंबई-पुण्याच्या मैत्रिणींना समजावून सांगावं लागतं, तुम्हाला नाही. तेंदूपत्ता आणि मोहफुलं वेचताना वाघानं नेलेल्या बाया या जिल्ह्यात कमी नाहीत. त्यामुळे त्यांनी आदल्या दिवशी उजेडात भद्रावतीला यायचं आणि इथं कुणाकडे तरी मुक्काम करायचा. ते ‘कुणाकडे तरी’ म्हणजे कोण? नातेवाईक असला तर ठीक. नसला तर आपण आहोत का?

आता उलटं पाहा. भद्रावतीला येणाऱ्यांची सोय उत्तम आहे. पार्श्वनाथाच्या देवळाला येणारे जैन यात्रेकरू नागपूरला विमानातून उतरतात आणि गाडीनं बुटीबोरी, जाम, वरोरा करत थेट इथं येतात. धर्मशाळा आहे, भोजनशाळा आहे. मला त्याचा हेवा नाही. त्या समाजानं ती सोय आपल्या माणसांसाठी पैसे आणि डोकं खर्चून उभी केली. मग इथून बाहेर जाणाऱ्या बाईसाठी तशी सोय आपण का करत नाही, एवढंच मी विचारते.

आणि विमान आता आपल्याही घरात आलं आहे, ते नाकारून चालणार नाही. चंद्रपूरचा विमानतळ होईल तेव्हा होईल. राजुऱ्याकडे विहीरगाव-मूर्तीला व्हायचा होता, त्याची चर्चा ऐकता ऐकता आपल्या मुली शिकल्या आणि नोकरीला पुण्याला गेल्या. अशाच एका मुलीनं गेल्या वर्षी आईला नागपूर-पुणे विमानाचं तिकीट काढून दिलं. आई साठीच्या पुढची, सही करण्यापुरतं लिहिणारी. दीड तासाच्या आत पुण्याला उतरली, पण त्या दीड तासाच्या मागेपुढे काय काय होतं ते तिनं आम्हाला नीट सांगितलं. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगते.

नागपूरचा विमानतळ सोनेगावला, वर्धा रोडवर, म्हणजे आपल्याच बाजूला. शहरात शिरून परत यायची गरज नाही. कंडक्टरला आधी सांगून ठेवायचं. आत शिरताना आधारकार्ड लागतं, तेव्हा ते पिशवीच्या तळाशी ठेवू नका. बटव्यातला अडकित्ता हातातल्या सामानात चालत नाही. तिचा काढून घेतला. लग्नातला होता हो, पितळेचा. तो मोठ्या पिशवीत घालून आधीच सामानात देऊन टाकायचा. पडद्याआड बाईच बाईची तपासणी करते, घाबरायचं काही नाही. कुठल्या दारानं जायचं ते वाचता आलं नाही तर कपाळावर हात मारून बसू नका, युनिफॉर्ममधल्या मुलीला विचारा. तिथं काम करणाऱ्या मुली आपल्यासारख्याच घरांतून आलेल्या असतात. विचारायची लाज त्या विमानतळाला वाटली पाहिजे, जिथं चित्रं कमी आणि इंग्रजी जास्त.

पुण्याचा विमानतळ लोहगावला. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ, त्यांच्या आईचं, कनकाईचं माहेर. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव द्यायचा प्रस्ताव मंजूर केला. चांगलं आहे. आपण एवढंच लक्षात ठेवू, की ते नाव लोहगावशी जोडलं जातं ते एका माहेरवाशिणीमुळे.

तिथून आळंदी पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर. इतक्या लांबून आकाशातून आलेली बाई नेमकी या पंधरात अडकते. बाहेर आलं की टॅक्सीसाठी समोरच्या बहुमजली पार्किंगमध्ये जावं लागतं, आणि टॅक्सी मागवायची ती मोबाइलवरून. ज्या बाईकडे साधा फोन आहे तिनं काय करायचं? तिनं रिक्षानं विश्रांतवाडी गाठायची. विश्रांतवाडी आळंदी रस्त्यावरच आहे. तिथून दिघी, वडमुखवाडी, चऱ्होली फाटा करत आळंदीला जाणाऱ्या पीएमपीच्या बस मिळतात. प्रस्थानाच्या दिवशी मात्र गाड्या आळंदीच्या बाहेरच थांबवतात. शेवटचा तुकडा सामान डोक्यावर घेऊन पायीच. म्हणून प्रस्थानाच्या आदल्या दिवशी पोचावं.

आणि उशीर झालाच, तर जिवाचा आटापिटा करून आळंदीच्या गर्दीत शिरू नका. प्रस्थान झालं की पालखी त्या रात्री आळंदीतच, आजोळघरी मुक्कामाला असते. दुसऱ्या दिवशी ती याच रस्त्यानं, दिघी-विश्रांतवाडीवरून पुण्यात येते. विश्रांतवाडीला उभं राहा, पालखी तुमच्याकडे येईल. हे कुणी सांगत नाही, आणि बाया रात्री-अपरात्री परक्या गावात धावत सुटतात.

२०२० साली कोरोनाच्या काळात पायी वारी बंद झाली, तेव्हा पादुका पंढरपूरला कशा न्यायच्या, विमानानं, हेलिकॉप्टरनं की गाडीनं, यावर सरकारात खल झाला. शेवटी दशमीला पादुका एसटीनं गेल्या. पादुका कशा पोचतील याचा विचार मंत्रालयात होतो. आपल्या मावशींचा कुठं होतो, ते शोधायला हवं.

एक सोय झाली आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट. त्यानं काय फरक पडला ते कुठल्याही स्टँडवर जाऊन बघा, बाया एकट्या प्रवास करू लागल्या. आणि रेल्वेनं काय केलं? अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना निम्म्या तिकिटाची सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये बंद केली. वारीला जाणाऱ्या बाया बहुतेक त्याच वयाच्या.

पण तिकीट अर्धं झालं तरी उरलेलं अर्धं कुणाच्या हातून येतं? प्रस्थान येतं जून-जुलैत, पेरणीच्या तोंडावर. मजुरीचे दिवस बुडतात. त्याआधी मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम होऊन जातो. सत्तर पानांचं एकेक पुडकं बांधून बाईनं कमावलेला तो पैसा असतो, पण फळीवरून घरात येईपर्यंत तो बहुधा दुसऱ्याच्या खिशात गेलेला असतो. आपल्या बचतगटातल्या एकीनं यंदा नवऱ्याकडे स्वतःचेच पैसे मागितले. तो म्हणाला, ‘‘देव काय घरी नाही?’’ तो स्वतः दोन वेळा जाऊन आला आहे. ती गेली नाही. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं, पण तिनं नाव घेऊ नका म्हणून सांगितलं आहे, आणि ती इथं बसली आहे.

दुसरी एक गोष्ट, जी आपण देवळाच्या आवारात बोलत नाही, ती इथं बोलू. वारीच्या तारखेला ‘अडचण’ येऊ नये म्हणून कित्येक जणी पाळी लांबवायच्या गोळ्या घेतात. औषधाच्या दुकानातून, डॉक्टरला न विचारता, शेजारणीनं सांगितल्या तेवढ्या. रक्तदाब असलेल्या, पाय सुजणाऱ्या, पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या बाईला त्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि पाळी आली तरी चाला. सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच विटाळाच्या कल्पनेला प्रश्न विचारून ठेवला आहे. त्या चोखोबांच्या घरच्या. चोखोबांची समाधी देवळाबाहेरच आहे, हे माळकरी मैत्रिणींना मी वेगळं सांगायला नको. पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

दिंडीबद्दल थोडं. एकटीनं निघालात तरी दिंडी धरूनच चाला. भिशी किती, त्यात जेवण आणि सामानाचा ट्रक धरला आहे का, बायकांची राहुटी वेगळी आहे का, हे फोनवर आधी विचारायचं. दिंडीचा नंबर कागदावर लिहून ब्लाउजमध्ये ठेवायचा, आणि त्यापुढे ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ हेही लिहायचं. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकी सगळ्या मागे. नुसता पाच नंबर म्हटलं तर दोन पाच नंबर सापडतात आणि हरवलेली बाई मैलभर चुकीच्या दिशेला चालत जाते.

आता कुणी म्हणेल, आळंदीच कशाला? मलाही तसंच वाटतं. विदर्भाची आपली पालखी आहे, कौंडिण्यपूरची. रुक्मिणीचं माहेर मानलेल्या त्या गावाहून १५९४ पासून पालखी जाते असं सांगतात, म्हणजे हैबतबाबांनी आजचा सोहळा एकोणिसाव्या शतकात उभा केला त्याच्या कितीतरी आधीपासून. कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या काठावर आहे. हीच नदी खाली आपल्या तालुक्याला वळसा घालून जाते. इथून वर्धा, वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून नदी ओलांडली की आलं. एका दिवसात पोचता येतं, रात्र रेल्वेत काढावी लागत नाही. पण चाल महिन्याहून जास्त आहे, आणि रोजमजुरीवरच्या बाईला एवढे दिवस कोण देणार? म्हणजे जवळची सुरुवात तिला परवडत नाही आणि परवडणारी सुरुवात लांब आहे. यावर माझ्याकडे उत्तर तयार नाही. दोन-तीन टप्पे चालून परत यायला काय हरकत आहे, हा माझा प्रश्न माळकरी मैत्रिणींना पटत नाही, त्यांच्याशी माझं भांडण चालू राहील.

एक मागणी मात्र आज ठरवता येईल. आषाढीला चाळीस प्रवासी जमले तर एसटी गावातून थेट पंढरपूरला गाडी देते, हे तुम्हाला माहीत आहे. पण चालणाऱ्या बाईला गाडी पंढरपूरला जायला नको असते. तिला ती हवी प्रस्थानाला जाताना आणि पंढरपूरहून घरी येताना. चाळीस बायांच्या सह्या घेऊन वरोऱ्याच्या आणि चंद्रपूरच्या आगारात जाऊ. बस सकाळी उजाडल्यावर सुटावी, अंधारात नको, हे अर्जात लिहायचं. वाटेत गाडी थांबेल ती शौचालय असलेल्या स्टँडवरच, धाब्यावर नाही, हेही लिहायचं.

बौद्ध मैत्रिणी विचारतील, यात आमचं काय? ऑक्टोबरात दीक्षाभूमीला जाताना रेल्वेत तुमचं काय होतं ते मी पाहिलं आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला आणि आपल्या चंद्रपूरला १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हा बैलगाडीनं आणि पायी आलेल्या आज्या तुमच्या घरात होत्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचं तर तोच जनरलचा डबा आणि तेच शौचालयाचं दार. अर्ज एकच करू, तारखा तीन घालू.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक मंडळानं वहीत तीन गोष्टी लिहून आणा. तुमच्या गावातून कोण कोण चालायला तयार आहे, त्यांतल्या किती जणींना रात्री भद्रावतीत मुक्काम लागेल, आणि भद्रावतीतल्या कुणाच्या घरी त्या रात्री दोन बायांना अंथरूण आणि पहाटे चहा मिळेल. माझं घर त्यात धरा. दोघी झोपतील, अंगणात पडायचं असेल तर चौघी.