नाताळच्या ताटात मेक्सिको



सण जवळ आला की घरोघरी एक वाद ठरलेला असतो. कुणाकडे तो कपड्यांवरून होतो, कुणाकडे पाहुण्यांच्या यादीवरून. आमच्या वसईच्या घरात तीन वर्षांपूर्वी तो स्वयंपाकावरून झाला. माझा भाचा बोटीवर नोकरीला आहे. वसईच्या ख्रिस्ती घरांत हे काही नवलाचं नाही. त्या नाताळाला तो सुटीवर येताना बोटीवरच्या एका मित्राला घेऊन आला. मित्र मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचा. समुद्रकाठचा माणूस, मासे पाहून खूश होणारा. घरापासून दूर त्याचा हा सलग तिसरा नाताळ होता. भाच्याने मला हळूच सांगितलं, "मामी, याच्या घरी नाताळच्या आदल्या रात्री तामाले करतात. जमेल का तुला?"

मी उत्साहाने हो म्हटलं. सासूबाई मात्र चिडल्या. त्यांचं वय तेव्हा चौऱ्याऐंशी. नाताळच्या रात्री ताटात इंद्याल, बाटली मसाल्यातलं मटण, बदकाचं मोईल आणि फुगे, यापलीकडे काही असू शकतं हेच त्यांना मान्य नाही. "सणाला परक्यांचं जेवण कशाला? पाहुणा आलाय तर आपलं खाऊन जाऊ दे," त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पाहुण्याला आपलं खायला घालावं, हा जुना न्याय आहे. पण "आपलं" कशाला म्हणायचं, यावर आमची गाडी अडली.

पाटावर बसून मी त्यांना म्हटलं, "आई, तुमच्या इंद्यालातली मिरची कुठली?" त्या म्हणाल्या, "बाजारातली." खरंच आहे. पण त्याआधीची? मिरची मूळची मेक्सिकोकडची. कोलंबसाच्या प्रवासानंतर ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. वसई पोर्तुगीजांच्या हाती आली १५३४ साली आणि चिमाजी अप्पांनी ती १७३९ मध्ये घेतली. म्हणजे दोनशे वर्षं आपल्या दारात हा व्यापार चालला होता. त्याआधी आपल्या पूर्वजांच्या कालवणाला तिखटपणा यायचा तो मिऱ्यांचा. पेरू, पपई, सीताफळ, काजू, टोमॅटो, मका, राजमा हे सारे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. उपासाच्या ताटाची तर गंमतच आहे. बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, सगळं तिकडचं. आपण श्रद्धेने खातो आणि देवालाही चालतं.

आपल्या पालघर जिल्ह्याची शान असलेला चिकू घ्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं मूळ घरही मेक्सिको आणि मध्य अमेरिका. त्याच्या चिकाचा तिथे चघळायचा गोंद करत, आणि "चिकू" हे नावही तिकडच्या नाहुआतल भाषेतून फिरत आलेलं. टोमॅटो, चिली, अव्होकाडो हे शब्दही त्याच भाषेतले. एक सावधगिरी मात्र हवी. मेक्सिकोचा "मोले" आणि आमचं "मोईल" ही नावं ऐकून नातं जोडायचा मोह होतो. तो आवरावा. मोले हा नाहुआतलमधल्या "मोल्ली" म्हणजे सार, कालवण या शब्दावरून आला आहे. प्रत्येक सारखा वाटणारा शब्द भाऊबंद नसतो.

सासूबाई एवढ्याने वळल्या नाहीत. त्या वळल्या दुसऱ्याच गोष्टीने. नाताळच्या दोन दिवस आधी भाचा मित्राला गासच्या गोन्सालो गार्सिया चर्चमध्ये घेऊन गेला होता. संत गोन्सालो गार्सिया म्हणजे आमच्या वसईत जन्मलेले संत. आई इथलीच, वडील पोर्तुगीज. जपानमध्ये व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात शिरले, पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर हुतात्मा झाले. ही कथा वसईतल्या पोराटोरांना पाठ आहे. त्या सव्वीस जणांत आणखी कोण होतं, हे मात्र आम्ही कधी नीट विचारलंच नव्हतं. तारीख ऐकताच पाहुणा थबकला. "तो तर आमच्या फेलिपेचा दिवस!"

फेलिपे दे हेसुस हा मेक्सिको शहरात जन्मलेला तरुण. मनिलाहून मेक्सिकोला परत निघालेलं त्याचं जहाज १५९६ मध्ये वादळाने जपानच्या किनाऱ्याला लागलं आणि चार महिन्यांत तो गोन्सालोंच्या शेजारी क्रुसावर होता. १८६२ साली दोघांना एकाच वेळी संतपद मिळालं. तो मेक्सिकोचा पहिला संत, मेक्सिको शहराचा पालक संत. लहानपणी तो इतका खोडकर की त्याची दाई म्हणायची, अंगणातलं वाळलेलं अंजिराचं झाड पालवेल तेव्हा हा संत होईल. आणि तो गेला त्या दिवशी झाडाला पालवी फुटली, अशी आख्यायिका आहे.

घरी येऊन भाच्याने हे सांगितलं. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग कमरेची पानाची चंची सोडली आणि मला म्हणाल्या, "तुला चुना हवा होता ना? घे."

आता चुना कशाला, ते सांगते. मेक्सिकन स्वयंपाकाची सारी किमया त्यात आहे. तिथे वाळलेला मका नुसता दळत नाहीत, चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. चुन्याने दाण्याची साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगं होतं. युरोपने मका उचलला, चुन्याची रीत मात्र उचलली नाही. त्यामुळे तिकडे नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. आपली मक्याची भाकरी दुमडली की तुटते आणि त्यांची तोर्तिया रुमालासारखी घडी होते, त्याचंही कारण हेच.

माझा पहिला प्रयोग फसला. मी अॅल्युमिनियमचं पातेलं घेतलं आणि चुना अंदाजाने टाकला. पातेलं काळं पडलं आणि मक्याला साबणासारखी चव आली. सगळा मका फेकला. दुसऱ्या वेळी स्टीलचं भांडं घेतलं. अर्धा किलो पांढरा वाळलेला मका, दीड लिटर पाणी आणि पानवाल्याकडचा साधा खायचा चुना चहाचे दोन सपाट चमचे. स्वीटकॉर्न चालत नाही, लाह्यांचा मकाही नाही. पाऊण तास मंद आचेवर शिजवायचं, रात्रभर झाकून ठेवायचं आणि सकाळी चोळून साल काढत तीन-चार पाण्यांत धुवायचं. मग मी तो ओला मका घेऊन गिरणीत गेले. गिरणीवाल्याने डब्यात डोकावून माझ्याकडे असं पाहिलं, की मी न बोलताच परत फिरले. ओलं धान्य जात्याला चिकटतं, त्याचं बरोबरच होतं. शेवटी मिक्सरमध्ये थोडा थोडा फिरवला आणि मग पाट्यावर वाटला. वरवंटा सासूबाईंच्या हातात होता. "वाकडा हात नको लावूस," एवढंच त्या म्हणाल्या.

तामाले म्हणजे आपल्या पानग्यांचे दूरचे भाऊ. मेक्सिकोत बऱ्याच ठिकाणी ते मक्याच्या कणसाच्या सालीत बांधतात, पण व्हेराक्रूझकडे केळीच्या पानात. वसईत केळीचं पान शोधायला लांब जावं लागू नये, पण त्या वर्षी मला लागलं. आमच्या मागची वाडी चार वर्षांपूर्वी विकली गेली आणि तिथे आता सात मजली इमारत उभी आहे. पानं मी होळीच्या बाजारातून विकत आणली. सासूबाईंना ते मी सांगितलं नाही. त्यांनी पान हातात घेताच ओळखलं.

कृती अशी. तीन वाट्या वाटलेला मका घ्यायचा. एक वाटी डुकराची चरबी किंवा लोणी हाताने इतकं फेटायचं की पांढरं आणि हलकं होईल. त्यात मका, दीड वाटीपर्यंत कोंबडीचं कोमट पाणी, एक चमचा बेकिंग पावडर आणि मीठ घालून पुन्हा फेटायचं. पीठ झालं की नाही ते असं ओळखायचं: चिमूटभर गोळी पाण्यात टाका. तरंगली तर झालं, बुडाली तर फेटत राहा. सारणासाठी दहा-बारा ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून, दोन टोमॅटो, सहा लसूण पाकळ्या, जिरं, दोन लवंगा आणि चमचाभर व्हिनेगर यांच्याबरोबर वाटा. हे वाटण थोड्या तेलात परतून शिजवलेली, तोडलेली कोंबडी त्यात घोळवा. मांसाहार नको असेल तर जाड मिरचीच्या भाजलेल्या पट्ट्या आणि पनीर घ्या. तेही अस्सल मेक्सिकन आहे, कुणी तडजोड म्हणणार नाही. केळीचं पान आचेवर फिरवून मऊ करायचं, मधोमध पीठ थापायचं, त्यावर सारण, आणि पुडी बांधून मोदकपात्रात सव्वा तास वाफवायचं. पान अलगद सुटून आलं की तयार. लगेच उघडू नका, पंधरा मिनिटं थांबा. घाई केली तर पीठ ओलंच वाटतं.

बाकीचं सोपं होतं. टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ बारीक चिरून एकत्र केलं की त्यांची साल्सा होते. आपण तिला कोशिंबीर म्हणतो. शिजवलेला राजमा कांदा-लसणीच्या फोडणीत घोटून ठेवला. मॉलमधली चीजची पाकिटं आणि कडक टाको आणायचा आग्रह मुलींनी केला, तो मी मोडून काढला. ते पदार्थ वाईट आहेत असं नाही, पण ते बरेचसे अमेरिकन दुकानांचे आहेत.

सगळ्यात जास्त संपलं ते पोंचे, म्हणजे त्यांचं नाताळातलं गरम पेय. नाताळच्या आधीच्या नऊ संध्याकाळी, १६ ते २४ डिसेंबर, मेक्सिकोत पोसादा नावाचा उत्सव चालतो. लोक गाणी म्हणत दारोदार जातात, मुलं डोळे बांधून टांगलेली पिन्याता फोडतात, आपल्या हंडीसारखीच, आणि मग हे पोंचे पितात. तीन लिटर पाण्यात दालचिनीचे दोन तुकडे, पाच लवंगा, लाल अंबाडीच्या बोंडांच्या सुकलेल्या पाकळ्या मूठभर आणि चिंचेचं बोटभर बुटूक उकळायचं. पाव किलो गूळ घालायचा. त्यांचा गूळ आपल्यासारखाच ढेपेचा असतो. मग सोललेल्या उसाच्या बोटभर कांड्या, सहा पेरूंच्या फोडी, एक सफरचंद आणि मूठभर मनुका घालून अर्धा तास मंद आचेवर ठेवायचं. पेरू पिकलेला पण टणक हवा. मोठ्यांच्या पेल्यात कुणी चमचाभर रम घालतं, ते ज्याचं त्याने पाहावं. गंमत अशी की यातला पेरू तिकडून इकडे आला, तर ऊस, चिंच आणि दालचिनी इकडून तिकडे गेली.

त्या रात्री आम्ही बावीस जण होतो. पाहुण्याने पहिली पुडी सोडली, वाफ तोंडावर घेतली आणि जेवता जेवता उठून बाहेर ओट्यावर गेला. भाचा मागे निघाला तर सासूबाईंनी त्याला हाताने थांबवलं. थोड्या वेळाने तो आत आला आणि सहा तामाले खाल्ले. वर इंद्यालही दोनदा घेतलं. डोळ्यांतलं पाणी तिखटाचं, असं त्याने सांगितलं आणि आम्ही ते मान्य केलं.

उरलेले तामाले पानासकट तव्यावर भाजले की दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात. पान जरासं करपतं आणि त्याचा वास आत उतरतो. सकाळी मी उठले तेव्हा चूल पेटलेली होती. सासूबाई एकट्याच बसल्या होत्या, ताटलीत शेवटचा तामाल आणि बाजूला कोळंबीचं लोणचं.

"मीठ कमी पडलं होतं," त्या म्हणाल्या.