संचार आणि निवास : महानगरातील एकाच प्रश्नाच्या दोन बाजू

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा पाठ)



भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१) मध्ये (घ) आणि (ङ) हे दोन उपखंड एकापाठोपाठ येतात. पहिला उपखंड नागरिकाला भारतात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क देतो. दुसरा देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क देतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे हक्क दोन स्वतंत्र ओळींत लिहिले जातात. महानगरात नव्याने येणाऱ्या माणसासमोर मात्र ते एकाच प्रश्नाच्या रूपाने उभे राहतात : राहायचे कोठे आणि तेथून रोज जायचे कसे?

२०११च्या जनगणनेनुसार देशाची ३१.१६ टक्के लोकसंख्या, म्हणजे सुमारे ३७.७ कोटी लोक, नागरी भागात राहत होते. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नागरी समूहांची संख्या २००१ मध्ये ३५ होती, ती २०११ मध्ये ५३ झाली. या वाढीत शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि मजुरीसाठी स्थलांतर करणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. शहरातील संधी त्यांच्यापर्यंत पोहोचतात की नाही, हे खोलीचे भाडे, प्रवासाचे भाडे आणि प्रवासात जाणारा वेळ या तीन गोष्टींवर अवलंबून असते. या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

मुंबईचा अनुभव

मुंबईच्या गिरणगावात हे सूत्र कामगारांनी स्वतःच आचरणात आणले होते. कोकणातून व घाटावरून आलेला कामगार गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात राहत असे. गावमंडळाच्या खोलीत अनेक जण पाळीपाळीने झोपत आणि जेवणासाठी जवळची खानावळ असे. जागा अत्यंत अपुरी होती. परंतु कामाची जागा पायी अंतरावर होती आणि प्रवासखर्च जवळजवळ शून्य होता.

पुढे उपनगरी रेल्वेने हे समीकरण बदलले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हा विद्युत रेल्वेमार्ग सुरू झाला. मासिक व त्रैमासिक पासामुळे दूरचा प्रवास अल्प उत्पन्न गटाच्या आवाक्यात आला. विरार, कर्जत, कसारा, पनवेल येथे राहून मुंबईत नोकरी करणे शक्य झाले. स्वस्त पासाने घराचा प्रश्न शहराबाहेर नेऊन सोडवला, असे म्हणता येईल. त्याची किंमत मात्र प्रवाशाच्या शरीराला मोजावी लागते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडून काही जणांचा मृत्यू झाला. पासाचा दर कमी असला तरी प्रवास स्वस्त असतोच असे नाही, याची ही विदारक साक्ष आहे.

दिल्ली : बस ते मेट्रो

देशाच्या सर्व भागांतून विद्यार्थी ज्या शहरात येतात, त्या दिल्लीचे उदाहरण अधिक तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. दीर्घकाळ हे शहर बसवर अवलंबून होते. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार राजधानीतील सर्व बस नैसर्गिक वायूवर चालवण्याची प्रक्रिया सुरू झाली व २००२च्या अखेरीस ती पूर्ण झाली. त्याच सुमारास, २४ डिसेंबर २००२ रोजी, शाहदरा ते तीस हजारी या दिल्ली मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. केंद्र सरकार व दिल्ली सरकार यांच्या समान भागभांडवलावर १९९५ मध्ये स्थापन झालेले महामंडळ आणि जपानकडून मिळालेले दीर्घ मुदतीचे कर्ज ही या प्रकल्पाची वैशिष्ट्ये होत.

मेट्रोमुळे अंतराचा अर्थ बदलला. पूर्वी शहरातील जागा मध्यवर्ती आहे की बाहेरची, एवढेच पाहिले जाई. आता स्थानकापासून पायी किती मिनिटे लागतात, हा निकष महत्त्वाचा ठरला. करोल बाग व राजेंद्र प्लेस ही स्थानके जुन्या राजेंद्रनगरला, तर गुरू तेग बहादूर नगर हे स्थानक मुखर्जीनगरला जवळचे आहे. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांचे जाळे या दोन वस्त्यांत पसरले आणि तेथील घरांच्या गच्चीवरील बरसातीपासून तळघरापर्यंतची प्रत्येक जागा भाड्याने जाऊ लागली. वाहतुकीची सोय वाढली की भाडे वाढते आणि त्या सोयीचा लाभ अंशतः घरमालकाकडे जातो, हे अर्थशास्त्रातील तत्त्व येथे प्रत्यक्ष दिसते.

खोलीच्या भाड्यात प्रवास मिळवावा

दिल्ली मेट्रोचे २५ ऑगस्ट २०२५ पासूनचे दर अंतराच्या टप्प्यांनुसार किमान ११ व कमाल ६४ रुपये असे ठरवण्यात आले. सोमवार ते शनिवार २ ते ५ किलोमीटरसाठी २१ रुपये, तर १२ ते २१ किलोमीटरसाठी ४३ रुपये लागतात. स्मार्ट कार्ड वापरणाऱ्याला १० टक्के सवलत मिळते.

या दरांवर एक काल्पनिक हिशेब मांडता येतो. समजा, वर्गापासून पायी अंतरावर वाटून घेतलेल्या खोलीचे भाडे माणशी ९,००० रुपये आहे आणि १५ किलोमीटर दूर तशीच खोली ६,५०० रुपयांत मिळते. वरकरणी २,५०० रुपयांची बचत दिसते. महिन्याचे २५ दिवस जाऊन-येऊन मेट्रोचे २,१५० रुपये होतात. कार्डाच्या सवलतीनंतर १,९३५. स्थानक ते खोली ई-रिक्षाचे दर खेपेस १० रुपये धरले तर आणखी ५०० रुपये. एकूण २,४३५. म्हणजे खरी बचत केवळ ६५ रुपये. रोज दोन तास अधिक प्रवास धरला, तर महिन्याला ५० तास खर्ची पडतात. परीक्षार्थीसाठी हा काळ म्हणजे एका संपूर्ण विषयाची उजळणी होय.

आता तिसरा पर्याय पाहू. चार किलोमीटरवर, दोन-तीन स्थानके पलीकडे, ७,५०० रुपयांची खोली मिळाली आणि दोन्ही टोकांना चालत जाता आले, तर मेट्रोचा खर्च सवलतीनंतर ९४५ रुपये होतो आणि ५५५ रुपये खरोखर वाचतात. बसने किंवा सायकलने गेल्यास बचत आणखी वाढते. प्रत्येक शहरात आकडे बदलतील. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

या रीतीतून काही व्यावहारिक नियम निघतात. नव्या शहरात उतरताच वर्षभराची खोली ठरवू नये. पहिले काही दिवस धर्मशाळा, गुरुद्वाराची सराय, युवा वसतिगृह किंवा नातलगांकडे काढावेत आणि तेवढ्या काळात नियोजित खोलीपासून वर्गापर्यंतचा प्रवास गर्दीच्या वेळी करून पाहावा. वस्ती दिवसा पाहिली असेल तर रात्री नऊनंतरही पाहावी. परीक्षा केंद्राचा मार्ग आदल्या दिवशी तपासावा. रविवारी अनेक ठिकाणी पहिली गाडी उशिरा सुटते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेच्या दिवशी दिल्ली मेट्रोने काही वर्षी सकाळी सहापासून सेवा सुरू केली, ती याच कारणाने.

निवासाची सुरक्षितता

या हिशेबात एक रकाना मात्र रुपयांत भरता येत नाही. १५ जून २०२३ रोजी मुखर्जीनगरातील एका शिकवणी वर्गाच्या इमारतीला आग लागली, तेव्हा विद्यार्थ्यांना दोर व तारांच्या आधाराने खिडक्यांतून खाली उतरावे लागले. २७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्रनगरात पावसाचे पाणी तळघरातील ग्रंथालयात शिरून तीन परीक्षार्थींचा मृत्यू झाला. त्या तळघराला साठवण व वाहनतळासाठी परवानगी होती, अभ्यासिकेसाठी नव्हती. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शिकवणी वर्गांच्या सुरक्षिततेची स्वतःहून दखल घेतली.

या घटनांतून भाडेकरूने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत काय, खिडकीची जाळी आतून उघडते काय, जिन्यात विजेचे मीटर व दुचाकी एकत्र दाटल्या आहेत काय, भिंतीवर पूर्वीच्या पाण्याची खूण आहे काय, हे भाडे विचारण्याआधी पाहावे. तळघरातील खोली किंवा अभ्यासिका कितीही स्वस्त असली तरी टाळावी.

महिलांच्या बाबतीत हा प्रश्न खोलीच्या दारापासून थांब्यापर्यंत पसरतो. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मधील आपल्या अहवालात सुरक्षित सार्वजनिक वाहतुकीचाही विचार केला. दिल्ली मेट्रोत २ ऑक्टोबर २०१० पासून पहिला डबा महिलांसाठी राखीव ठेवला गेला. दिल्लीत २०१९ मध्ये, तामिळनाडूत २०२१ मध्ये, कर्नाटक व तेलंगणात २०२३ मध्ये महिलांसाठी विनामूल्य बसप्रवासाच्या योजना सुरू झाल्या. या योजनांच्या आर्थिक भारावर मतभेद आहेत. तथापि ज्या घरात प्रवासखर्चाची पहिली कात्री मुलीच्या शिक्षणाला लागते, तेथे त्यांचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

करार आणि कायदा

खोली पसंत पडल्यावर करार लेखी असावा. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक असते. त्यामुळे देशात अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये लिव्ह अँड लायसन्स करारही लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. पुण्यात ‘कॉट बेसिस’वर राहणाऱ्या विद्यार्थ्याला ही तरतूद सहसा ठाऊक नसते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार अधिनियमाला मान्यता दिली. निवासी जागेसाठी अनामत रक्कम जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी असावी, घरमालकाने जागेत येण्यापूर्वी २४ तासांची सूचना द्यावी आणि तंटे सोडवण्यासाठी भाडे प्राधिकरण असावे, या त्यातील प्रमुख तरतुदी आहेत. जमीन व भाडे संबंध हा राज्यसूचीतील विषय असल्याने राज्यांनी तसे कायदे केल्यावरच त्या लागू होतात, हे ध्यानात ठेवावे.

घर मिळाले, काम दुरावले

विद्यार्थ्याची निवड चुकली तर तो काही महिन्यांनी खोली बदलू शकतो. ज्यांच्यासाठी निवड शासन करते, त्यांना ही मुभा नसते. २००४ मध्ये दिल्लीच्या यमुना पुश्ता येथील झोपड्या हटवण्यात आल्या आणि तेथील अनेक कुटुंबांना शहराच्या वायव्य सीमेवर, सुमारे ३० किलोमीटर दूर, बवाना येथे भूखंड देण्यात आले. पुश्त्यावरचे रहिवासी जुन्या दिल्लीच्या घाऊक बाजारांत हमाली करीत, सायकल रिक्षा ओढीत, स्त्रिया घरकाम करीत. ही कामे पहाटे किंवा थोड्या तासांची असतात. ती पायी अंतरावर असली तरच परवडतात. नव्या वसाहतीतून बसने ये-जा करताना मजुरीचा मोठा भाग भाड्यात जाऊ लागला आणि अनेक स्त्रियांचे काम सुटले.

रिठाला–नरेला–कुंडली या मेट्रोमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती डिसेंबर २०२४ मध्ये. त्यावरील नियोजित स्थानकांत बवानाच्या पुनर्वसन वसाहतीचेही स्थानक आहे. भूखंड आणि रेल्वेची मंजुरी यांच्यात वीस वर्षे गेली. एवढ्या अवधीत त्या वसाहतीतील लहान मुले कमावती झाली. निवास व वाहतूक यांचे नियोजन दोन स्वतंत्र कार्यालयांत झाले की काय घडते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

धोरणांची दिशा

राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण, २००६ ने वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या हालचालीला प्राधान्य द्यावे असे सांगितले. २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने मेट्रो निवडण्यापूर्वी इतर पर्यायांचे विश्लेषण आणि स्थानकाभोवतीच्या परिसराला जोडणाऱ्या पूरक सेवा यांवर भर दिला. त्याच वर्षीच्या संक्रमणाभिमुख विकास धोरणाने स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरात, म्हणजे साधारण ५०० ते ८०० मीटरमध्ये, दाट व मिश्र वस्तीची शिफारस केली. त्या वस्तीत अल्प उत्पन्न गटाला वाटा मिळाला नाही, तर स्थानकाजवळ श्रीमंतांच्या सदनिका आणि दूरच्या टोकाला मेट्रोचे खरे प्रवासी, असे विपरीत चित्र निर्माण होईल.

२०१९ मध्ये राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्ड आले, २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना जाहीर झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये १०,००० विद्युत बससाठी पीएम-ई-बस सेवा योजना मंजूर झाली. प्रत्येक योजना आपापल्या जागी योग्य आहे. त्यांना जोडणारे काम महानगर पातळीवर व्हावे लागते. ७४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३ यङ द्वारे महानगर नियोजन समितीची तरतूद केली, ती याच समन्वयासाठी; परंतु अनेक ठिकाणी ही समिती प्रभावी ठरलेली नाही.

आज खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या प्रशासनात असतील. पुनर्वसन वसाहतीची, वसतिगृहाची किंवा बसमार्गाची फाइल त्यांच्या टेबलावर येईल. त्या वेळी चौरस फुटांचा आणि अंदाजपत्रकाचा रकाना तपासून झाल्यावर त्यांनी आणखी एक नोंद मागावी : या घराच्या दारापासून कामापर्यंत पोहोचण्यास किती रुपये व किती मिनिटे लागतात, आणि रात्री परतताना शेवटची बस किती वाजता सुटते? या नोंदीवाचून कोणतीही गृहयोजना मंजुरीस योग्य मानू नये.