नोंदीची नक्कल

डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास ‘सी’ ही संगणकभाषा घडविली. संगणकाच्या स्मृतींत जागा मागून घेणें आणि काम सरतांच ती परत करणें, हा भार तींत लिहिणाऱ्यावरच असतो. मागणें ‘मॅलॉक’नें, परत करणें ‘फ्री’नें.

ग्रंथालयाच्या सभासदाची नोंद घ्या. ‘स्ट्रक्चर’ हा अशा नोंदीचा कप्पेदार खण. त्यांत क्रमांक सहज मावतो. नांवाची लांबी मात्र आधीं ठाऊक नसते. म्हणून नांव निराळ्या जागेंत ठेवून खणांत केवळ तिचा पत्ता लिहितात. हाच ‘पॉइंटर’.

आतां या नोंदीची नक्कल केली तर? क्रमांक उतरतो, पत्ताही उतरतो. नांव मात्र एकच राहतें! एकीनें जागा परत केली, कीं दुसरीच्या हातीं परक्या जागेचा पत्ता उरतो. दुसरीनेंही तीच जागा परत केली, तर स्मृतीचा हिशेबच बिघडतो, आणि चोरटे नेमके याच फटींतून शिरतात. मायक्रोसॉफ्टनें २०१९ सालीं सांगितलें कीं, तिच्याकडील सुरक्षादोषांपैकीं सुमारें ७० टक्के स्मृतीच्या हाताळणींतले असतात.

म्हणून नकलेसाठीं नवी जागा मागून अक्षरें उतरवावीं, शेवटच्या शून्यासाठीं एक बाइट अधिक (हें विसरणारे पुष्कळ!). परत करतांना आधीं नांव, मग नोंद. उलट केल्यास नांवाचा पत्ताच हरवतो. नोंद ठेवून केवळ नांव परत केलें, तर पत्त्याच्या जागीं ‘नल’ लिहावें. मात्र नकलेंतला जुना पत्ता त्यानें पुसला जात नाहीं.