चालते पाऊल, स्वाधीन वार्धक्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मोहोळ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली, या आनंदाच्या प्रसंगी एक साधा हिशेब मनात येतो. ज्यांनी पंचविशीत या कार्याला हातभार लावला, ते आज पंच्याहत्तरीत आहेत. शाल-श्रीफळ देऊन आपण त्यांचा सत्कार करतोच. परंतु व्यासपीठाच्या चार पायऱ्या स्वतः चढून ती शाल स्वीकारण्याइतके बळ त्यांच्या पायांत राहावे, यासाठी आपण काय करतो, हा माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

भौतिकोपचार, म्हणजे ज्याला आपण सर्रास फिजिओथेरपी म्हणतो, ते शास्त्र आपल्याकडे मुंबईमार्गे आले. 1950 च्या दशकाच्या आरंभी पोलिओने पंगू झालेल्या मुलांचा प्रश्न तीव्र झाला होता. त्या काळात महापालिका, शासन आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण देणारे विद्यालय सुरू झाले. बालकांना पुन्हा उभे करण्यासाठी रुजलेली ही विद्या आज वृद्धांना उभे ठेवण्याच्या कामी येत आहे.

'वय झाले, आता पाय साथ देणार नाहीत' असे आपण सहज म्हणून जातो. वयोमानाने स्नायू क्षीण होतात हे खरे. परंतु त्याहून कितीतरी वेगाने ते न वापरल्यामुळे क्षीण होतात. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ 10 दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील सुमारे 1 किलो मांसल भाग घटला. याउलट 1990 साली बोस्टन येथील संशोधकांनी नव्वदीच्या घरातील अशक्त वृद्धांकडून 8 आठवडे वजन उचलण्याचा पायांचा व्यायाम करवून घेतला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक वाढली आणि दोघांची तर काठी सुटली. नव्वदाव्या वर्षीही स्नायू हाकेला ओ देतात, हा त्यातील मोठा दिलासा आहे.

मग आपल्या घरांत काय घडते? 'बाबा, तुम्ही बसा, आम्ही आणतो' हे वाक्य प्रत्येक सुसंस्कृत घरात ऐकू येते. पाण्याचा तांब्या हातात येतो, औषधाची गोळी पलंगाशी येते, जेवणाचे ताटही तेथेच येते. यात प्रेम आहे, याविषयी शंका नाही. परंतु दिवसातून वीस वेळा होणारी उठबस त्या प्रेमापोटी चारवर येते आणि काही महिन्यांत आधाराशिवाय उठणेच थांबते. आपल्या परंपरेने वैयावृत्त्याला, म्हणजे वृद्ध, रुग्ण व तपस्वी यांच्या सेवेला, अंतरंग तपात स्थान दिले आहे. ज्येष्ठांना जे स्वतः करता येते ते त्यांना करू देणे, त्यास वेळ लागला तरी शेजारी धीराने उभे राहणे, हीही सेवाच आहे. आणि ती ताट नेऊन देण्याहून कठीण आहे.

आपली ताकद घरच्या घरी अजमावता येते. हात न टेकणारी, भिंतीला लावलेली खुर्ची घ्यावी, हात छातीवर बांधावेत आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला 12 वेळा व स्त्रीला 10 वेळा जमले नाही, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजून भौतिकोपचारतज्ज्ञांना भेटावे. ते चाल पाहतात, सांधे व तोल तपासतात आणि त्या व्यक्तीला झेपेल असा व्यायाम आखून देतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्यातून किमान 3 दिवस तोल व ताकदीचे व्यायाम करण्यास सांगितले आहे. खुर्चीतून हळूहळू उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, बसल्या जागी गुडघा सरळ करून मांडी ताठ धरणे, हे बहुतेकांना जमण्याजोगे आहे. छातीत दुखणे, चक्कर किंवा धाप असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. काठीविषयीही एक सूचना करतो. गुडघा ज्या बाजूचा दुखतो, त्याच्या विरुद्ध हातात काठी धरावी, आणि तिची मूठ सरळ सोडलेल्या हाताच्या मनगटापाशी यावी.

गुडघा पूर्ण झिजला तर शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी मांडी घालून बसणाऱ्या भारतीय माणसाच्या गरजा ध्यानी घेऊन 'इंडस' हा कृत्रिम गुडघा विकसित केला. 2012 साली ते पद्मविभूषण या सन्मानाचे मानकरी ठरले. परंतु उत्तम बसवलेला गुडघाही नंतरच्या व्यायामाविना आखडतो. खुब्याचे हाड मोडले वा पक्षाघात झाला, तरी डॉक्टरांनी अनुमती देताच हालचाल सुरू करणे, हेच पुन्हा चालू लागण्याचे पहिले पाऊल असते.

राज्य शासनाने 2022 साली पंच्याहत्तरी पार केलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य केला. मोहोळहून सोलापूरचे भाडे माफ झाले. मात्र गाडीची पहिली उंच पायरी कोणालाच माफ झालेली नाही. ती चढता येणाऱ्यालाच ही सवलत उपयोगी, आणि देवदर्शन, लेकीचे घर, जुन्या मित्राची भेटही त्यालाच मोकळी.

म्हणून संस्थेस माझी नम्र विनंती आहे. मंदिराच्या व सभागृहाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडे बसवावेत, स्नानगृहांत धरायला दांडे लावावेत आणि आठवड्यातून एक दिवस तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ज्येष्ठांचा व्यायामवर्ग भरवावा. खर्च अल्प आहे. पुढील पन्नास वर्षांत त्याचा लाभ आपणा प्रत्येकाला होणार आहे, कारण त्या वयाकडे आपण सारेच चाललो आहोत.

सर्व ज्येष्ठांना स्वतःच्या पायांनी चालणारे दीर्घायुष्य लाभो, अशी प्रार्थना करून मी थांबतो. जय जिनेंद्र.