तुझाच चष्मा कसा नाही गेला?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून नाश्त्याच्या रांगेत मला सहा जणांनी एकच प्रश्न विचारला, "अगं, तू डोळ्यांची डॉक्टर, मग तुझाच चष्मा कसा नाही गेला?" संयोजकांनी पंधरा मिनिटं दिली आहेत, तर सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

सातवीपर्यंत मला फळा नीट दिसत नव्हता आणि तो दिसत नाही हे मला कळतही नव्हतं. मी शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे. गणिताच्या बाईंनी ते ओळखलं. रागावण्याऐवजी त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं आणि वडिलांना बोलावून घेतलं. नंबर निघाला उणे साडेचार. चष्मा लावून आले त्या दिवशी मैदानावरच्या झाडाची पानं पहिल्यांदा सुटी सुटी दिसली. मधल्या सुट्टीत 'ढापणी' हे नावही मिळालं. नाव ठेवणारे आज इथेच बसलेत आणि त्या सगळ्यांना आता चाळिशी लागली आहे!

पुढे डोळ्यांची डॉक्टर झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लेसरने नंबर घालवणं आपल्याकडे रुळू लागलं, तेव्हा पहिली मीच तपासणीला बसले. माझ्या वरिष्ठांनी मोजमाप पाहून सांगितलं, "तुझा कॉर्निया पातळ आहे. करू नकोस." त्या दिवशी मला रडू आलं होतं.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण डोळ्यात शिरणारे किरण वळवण्याचं दोन तृतीयांश काम तोच करतो. उणे नंबर असला की किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. लेसर हा कॉर्निया तासून थोडा सपाट करतो, म्हणजे किरण जागेवर पडतात. एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन जाडी कमी होते, आणि गेलेली जाडी परत येत नाही. म्हणून मुळात शिल्लक किती, हा पहिला प्रश्न.

ही करामत जिच्यामुळे शक्य झाली, ती गोष्ट शाळेत सांगण्यासारखी आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी काम करत होते. त्यांनी सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर एक्सायमर लेसर सोडून पाहिला. आजूबाजूला न जळता स्वच्छ काप गेला. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी तोच लेसर कॉर्नियासाठी वापरला.

आता मुलांसाठी तुम्ही विचारता ते प्रकार. पीआरकेमध्ये कॉर्नियाची वरची नाजूक साय काढून लेसर करतात. तीन-चार दिवस डोळा दुखतो, नजर सावकाश स्थिरावते, पण कॉर्नियाला पापुद्र्याचा काप नसतो. लॅसिकमध्ये पातळ पापुद्रा उचलून खाली लेसर करतात आणि तो परत बसवतात. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी छान दिसतं, पण काही महिने डोळे कोरडे पडू शकतात. स्माइलमध्ये आतल्या आत एक चकती तयार करून दोन-चार मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढतात. नंबर फार मोठा किंवा कॉर्निया पातळ असेल, तर काही जणांना डोळ्यात आयसीएल नावाची भिंग बसवता येते. यातलं 'सगळ्यात भारी' कुठलं, असं विचारू नका. तपासणीत जे बसेल ते.

आपल्यातल्याच एका मित्राची आणि त्याच्या लेकीची गोष्ट सांगते, दोघांच्या परवानगीने. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. दुसरीकडे घाईत तपासून ऑपरेशनची तारीखही ठरली होती. तो मला फक्त 'एकदा बघ' म्हणाला. कॉर्नियाचा नकाशा काढला, तर खालचा भाग फुगू लागलेला. केराटोकोनसची सुरुवात होती. असा कॉर्निया आधीच कमकुवत असतो. त्यावर लेसर म्हणजे पोखरलेल्या भिंतीतून आणखी विटा काढणं. मी नाही म्हटलं. "मैत्रीण असून आडवी येतेस," म्हणाला आणि वर्षभर बोलला नाही. मुलीने मात्र डोळे चोळणं थांबवलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला आली. आजार वाढला होता. औषधाचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया मजबूत करण्याचे उपचार केले, आणि तो तिथेच थांबला. लग्नातल्या फोटोत ती चष्म्यात आहे. छान दिसते. मित्र आज तिसऱ्या रांगेत बसलाय, आणि सकाळी पोह्यांची बशी त्यानेच आणून दिली.

तेव्हा मुलांना एवढंच सांगा. वय अठरा पूर्ण हवं, एकवीसनंतर अधिक बरं. वर्षभर नंबर स्थिर हवा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना थांबायचं. तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद. कॉर्नियाची जाडी आणि नकाशा पाहिल्याशिवाय तारीख ठरवायची नाही. ऑपरेशनआधीचे सगळे कागद जपून ठेवायचे, कारण म्हातारपणी मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढायला ते लागतात. आणि चष्मा गेला तरी मोठ्या उणे नंबराचा डोळा आतून तसाच लांबट राहतो. आतला पडदा फाटण्याचा धोका जात नाही. वर्षातून एकदा तपासणी हवीच.

आपल्यासाठीही एक गोष्ट. आपली चाळिशी लागते ती डोळ्यातलं भिंग ताठर झाल्यामुळे. दूरचा नंबर घालवणाऱ्या लेसरने ती जात नाही. उलट, चष्मा काढून आरामात पेपर वाचणाऱ्याने लांबचा नंबर घालवला, तर वाचायला चष्मा लागू लागतो.

माझ्या वरिष्ठांनी मला 'नाही' म्हटलं, म्हणून माझे डोळे आजही धड आहेत आणि मी इतरांचे डोळे तपासू शकते. ही ढापणी आता समाधानी आहे.

जाता जाता, घरी नातवंडं असतील तर एकदा विचारा, फळा दिसतो का. मला ते विचारणाऱ्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुमचे डोळे मात्र चहानंतर मी तपासणार आहे.