मुदत, काम आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाचे महत्त्व या विषयावर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. मी त्यात भर घालणार नाही. आपली मुले शिकू लागली, मुली तर कित्येक घरांत मुलांच्या पुढे गेल्या. नोकऱ्याही मिळू लागल्या. मला बोलावयाचे आहे ते नोकरी मिळाल्यानंतरच्या गोष्टीबद्दल. पदवीचा कागद साहेब पहिल्या दिवशी पाहतो. दुसऱ्या दिवसापासून तो एवढेच पाहतो की, सांगितलेले काम सांगितलेल्या दिवशी टेबलावर आले की नाही. या विषयाचा तास शाळेच्या वेळापत्रकात नसतो.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. आपल्यातल्या एखाद्या मुलाने काम रखडवले, तर साहेब त्या मुलाला नावे ठेवून थांबेलच असे नाही. पुढच्या खेपेस अर्जांच्या गठ्ठ्यात तशाच वळणाचे नाव दिसले की त्याला जुने रखडलेले काम आठवते. हा अन्याय आहे, यात शंका नाही. पण तो आपल्या धाकट्या भावंडांना भोगावा लागतो, म्हणून हा विषय एकट्यादुकट्याचा राहत नाही.

वास्तविक वेळेच्या बाबतीत आपण गरीब असण्याचे कारण नाही. आपला दिवस पाच ठिकाणी बांधलेला आहे. कुरआन शरीफमधली सूरह अल्-अस्र अवघ्या तीन आयतींची, आणि तिची सुरुवातच काळाच्या शपथेने होते. जुन्या काळी मोठ्या मशिदींतून ‘मुवक्कित’ नावाचा अधिकारी असे. नमाजच्या वेळा गणिताने काढणे हे त्याचे काम. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल्-शातिर हा मोठा खगोलशास्त्रज्ञ या जागेवर होता. त्याने मशिदीच्या मिनारासाठी बनवलेले सूर्यघड्याळ प्रसिद्ध आहे. अशा परंपरेतली आपण माणसे, आणि आपल्या लग्नपत्रिकेवर ‘बाद नमाजे असर’ छापलेले असले तर जेवायला इशानंतर निघावे हे लहान मुलालाही ठाऊक असते!

यातच ‘इन्शा अल्लाह’ या शब्दाचा विषय येतो. थोडे थांबून बोलतो, कारण हा शब्द पवित्र आहे. कचेरीत विचारले, “हा हिशेब गुरुवारपर्यंत होईल का?” तर आपला तरुण म्हणतो, “इन्शा अल्लाह.” ऐकणाऱ्याला कळत नाही, याचा अर्थ होय की नाही. बऱ्याचदा बोलणाऱ्यालाही कळलेला नसतो. सूरह अल्-कहफमध्ये जी ताकीद आहे ती नीट पाहावी. कोणत्याही गोष्टीबद्दल ‘उद्या करीन’ असे म्हणू नये, ‘अल्लाहने इच्छिले तर’ हे जोडल्याशिवाय. म्हणजे ‘मी करीन’ हे तिथे आहे, ‘उद्या’ हेही आहे. काम ठरले आहे, दिवस ठरला आहे, आणि मग माणसाच्या मर्यादेची कबुली आहे. आपण काम आणि दिवस दोन्ही गाळतो व उरलेला शब्द पुढे करतो. “गुरुवारी दुपारी तीनपर्यंत देतो, इन्शा अल्लाह” असे म्हणणाऱ्याचा धर्मही सांभाळला जातो आणि साहेबाचा विश्वासही.

आता दिवस ठरवायचा कसा? याचे शिक्षण घ्यायला परदेशी जाण्याची गरज नाही. रमजानमध्ये आपल्या घरातल्या स्वयंपाकघरात जाऊन बसावे. मगरिबची अजान कोणासाठी पुढे ढकलली जात नाही. म्हणून आई अजानपासून मागे मोजत येते. भजी गरम हवीत, म्हणजे कढई शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत चढवायची. त्याआधी पीठ कालवायचे, त्याआधी कांदा चिरायचा. आणि चणे? ते आदल्या रात्रीच भिजत पडले पाहिजेत. कांदा चिरायला उशीर झाला तर दोन हात जास्त लावता येतात. चणे भिजवायचे राहिले तर दुपारी दहा माणसे आली तरी उपयोग नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या इंजिनियरांनी या विचाराचे शास्त्र बनवले आणि त्याला ‘क्रिटिकल पाथ’ असे नाव दिले. ज्या कामांच्या साखळीत एक दिवस गेला की सगळे काम एक दिवस पुढे जाते, ती साखळी आधी ओळखायची, एवढाच त्याचा गाभा. आपल्या माताभगिनी तो कागदाशिवाय चालवीत आल्या आहेत. त्याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

कचेरीतले ‘चणे’ कोणते, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. ज्या कामासाठी दुसऱ्याच्या हातून काही यायचे असते, ते काम चण्यासारखे. महिनाअखेरचा ताळमेळ घालायचा आहे आणि बँकेचे पत्रक अजून आलेले नाही. अशा वेळी मुले आधी स्वतःचे आकडे जुळवीत बसतात, दोन दिवसांनी बँकेला लिहितात आणि मग उत्तराची वाट पाहत हात बांधून बसतात. उलट करावे. बँकेला सकाळी पहिल्यांदा लिहावे आणि उत्तर येईतो स्वतःचे आकडे जुळवावेत. तेवढ्यानेच महिन्याकाठी दोन दिवस वाचतात.

मोठ्या कामाचे उदाहरण हवे असेल तर आपल्या दारावरून धावणारी कोकण रेल्वे घ्यावी. १९९० साली महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन प्रमुख झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. मध्ये सह्याद्रीचे फाटे, नद्या, खाड्या आणि पाऊस. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. श्रीधरन यांनी हा सारा मार्ग सात भागांत वाटला आणि प्रत्येक भागाला एक मुख्य अभियंता नेमला. भाग कोणाचा, हा प्रश्न शिल्लक ठेवला नाही. कामाच्या जागी उलटी मोजणारी घड्याळे लावली. किती दिवस झाले हे न दाखवता ती किती दिवस उरले ते दाखवीत. साधी युक्ती आहे, पण माणसाच्या मनावर दोहोंचा परिणाम अगदी वेगळा होतो. विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या आधी हा प्रयोग भिंतीवरच्या कॅलेंडरवर करून पाहावा.

तरीही काम ठरल्या मुदतीत संपले नाही, हेही सांगितले पाहिजे. गोव्यात मार्गाबद्दल वाद उठला. पेडणे येथे तर बोगद्याची माती इतकी मऊ निघाली की खोदलेले पुन्हा पुन्हा ढासळे. तिथे माणसेही दगावली. संपूर्ण मार्ग खुला व्हायला १९९८ साल उजाडले. पण तोवर सारा मार्ग अडून बसला नव्हता. १९९३ सालीच दक्षिणेकडे उडुपीपर्यंत आणि उत्तरेकडे रोह्याहून वीरपर्यंत गाडी धावू लागली होती. मोठे काम हाती आले तर ते असे तोडावे की एक तुकडा अडला तरी बाकीचे तुकडे लोकांच्या उपयोगी पडू लागावेत. नव्वद पाने लिहून शंभराव्या पानाची वाट पाहत सगळेच दडवून ठेवणारे पुष्कळ भेटतात.

आणि अडले तर वेळेवर सांगावे. गुरुवारचे काम होणार नाही हे सोमवारी कळले असेल, तर सोमवारीच सांगावे. सोमवारी साहेब मदतीला माणूस देऊ शकतो. गुरुवारी संध्याकाळी तो फक्त रागावू शकतो. आपली मुले भिडेपोटी गप्प राहतात, त्याला आपण घरी ‘अदब’ म्हणतो. कचेरीत तिला वेगळे नाव आहे.

वेळेची टंचाई प्रत्येक वेळी खरी असते असेही नाही. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली एका लेखात थट्टेने दाखवून दिले की, कामाला जेवढा वेळ द्यावा तेवढे ते पसरते. म्हणून स्वतःला थोडी कमी मुदत घालून घ्यावी. कामे डोक्यात ठेवू नयेत, एका वहीत लिहावीत. एकाच, तीन नव्हेत. मोबाईलवर लिहिणाऱ्यांनी तिथे लिहावे, पण लिहायला उघडलेल्या मोबाईलवर अर्धा तास कुठे जातो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जुम्याच्या नमाजबद्दल तरुण नेहमी विचारतात. रुजू होताच, कामाचा ताण नसताना, साहेबाला सांगून वेळ ठरवून घ्यावी. शुक्रवारी सकाळचे काम जाण्यापूर्वी हातावेगळे करावे आणि नमाज झाल्यावर मशिदीच्या दारात गप्पा मारत उभे राहू नये. ज्याचे काम वेळेवर होते त्याच्या अर्ध्या तासाची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

शेवटी पालकांशी दोन शब्द. नोकरीतल्या मुलाला भर दुपारी फोन करून रेशनकार्डाचे काम सांगू नये. ते संध्याकाळीही सांगता येते. आणि मुलींच्या वेळेबद्दल तर मला तक्रारच करायची आहे. मुलगा अभ्यासाला बसला की घरात सगळे हळू बोलतात. मुलगी बसली की पाहुणे येतात आणि पुस्तक उपडे ठेवून ती उठते. नोकरी करणाऱ्या मुलीचेही तेच. कचेरीतून दोघे एकाच वेळी परततात. भाऊ दमलेला असतो आणि ती भाकऱ्या करते. तिच्या अभ्यासाचे दोन तास कागदावर लिहून भिंतीला लावा, आणि त्या वेळेत पाहुणे आले तर चहा भावाला करू द्या. त्याला येतो. वसतिगृहात तो स्वतःच करून पितो, हे मी पाहिले आहे.