विश्वासाला अकरा महिने पुरत नाहीत



अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या समाजकार्यकर्त्यांच्या या अधिवेशनात आज दोन परिसंवाद ठेवले आहेत. सकाळी आपल्या मानधनाचा आणि नोकऱ्यांचा, दुपारी शाळेत पालक आपल्यावर विश्वास का ठेवत नाहीत याचा. माझे म्हणणे एवढेच आहे, की या दोन्ही दुखण्यांचे मूळ एक आहे आणि उपायही एकत्रच करावा लागेल.

आपण ज्या भूमीत काम करतो तिची पुण्याई मोठी आहे. गाडगेबाबा शेंडगावचे, तुकडोजी महाराज यावलीचे, पंजाबराव देशमुख पापळचे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभे करून कुष्ठरुग्णांना माणूस म्हणून जगायची जागा दिली. वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग, मतिमंद मुलांना घर दिले. या वारशासमोर आपण सगळेच नतमस्तक आहोत. पण याच वारशाचा दाखला देऊन आपल्याला सांगितले जाते, की समाजसेवा करायची तर पगाराचे कसले बोलता? संतांनी संसार सोडला होता. बार्शीटाकळीहून एसटीने अकोल्याला येणाऱ्या, एमएसडब्ल्यू झालेल्या मुलीला घरभाडे द्यायचे असते, लहान भावाची फी भरायची असते. तिने व्रत म्हणून उपाशी राहावे, असे गाडगेबाबांनी कधी सांगितले नाही. काम करा आणि मग भाकर घ्या, ही त्यांची रीत होती.

आता आकड्यांकडे येऊ. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या सामाजिक कार्यकर्त्याचे मानधन दरमहा १८,५३६ रुपये आहे आणि क्षेत्रभेटी करणाऱ्या कार्यकर्त्याचे १०,५९२ रुपये. एका जिल्ह्याला सामाजिक कार्यकर्ते मंजूर किती, तर दोन. अमरावती जिल्ह्यात तालुके १४ आहेत. वरुडची संत्र्याची गावे आणि धारणीचे कोरकू पाडे ही सारी भूमी त्या दोघांनी सांभाळायची. धारणी अमरावतीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. एक गृहभेट म्हणजे एक दिवस. आणि हे सारे अकरा महिन्यांच्या करारावर.

तुलना करायचीच तर शिक्षणसेवकाशी करा. २०२३मध्ये प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन ६,००० वरून १६,००० रुपये झाले. तेही अपुरेच आहे. पण तीन वर्षांनी त्याला वेतनश्रेणी मिळते. आपल्या कार्यकर्त्याला तीन वर्षांनी मिळते ते चौथे नेमणूकपत्र, तेही मिळाले तर.

बाकीच्या वाटाही अरुंद आहेत. १९४८च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला आणि त्या आधाराने समाजकार्याच्या पदवीधरांच्या पिढ्या मुंबई-पुण्यात नोकरीला लागल्या. आपल्याकडे जिनिंग-प्रेसिंग आणि डाळमिल. काम हंगामी, कामगार मोजके. वकिलांची बार कौन्सिल आहे; आपल्या व्यवसायाला देशपातळीवर स्वतःची वैधानिक परिषद नाही. शाळेचे दार तर अर्धेच उघडले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुख्याध्यापक, विषयशिक्षक, कला आणि कार्यानुभवाचे अंशकालीन निदेशकही आहेत; समाजकार्यकर्ता नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळांत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते आणि समुपदेशक आणावेत असे स्पष्ट लिहिले. कागदावरचे ते वाक्य वऱ्हाडातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अजून पोहोचायचे आहे.

आता पालकांकडे वळू. त्यांच्या अविश्वासाला आपण अडाणीपणा म्हणतो. मला ते मान्य नाही. वऱ्हाडातल्या माणसाने दारात आलेल्या फायलीचा अनुभव घेतला आहे.

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात सातवीतला मुलगा महिनाभर शाळेत आला नव्हता, म्हणून मी त्याच्या घरी गेले. आई कापूस वेचायला गेलेली, दिवेलागणीला परतली. मला ओट्यावर पाहताच तिचा पहिला प्रश्न, “काऊन मॅडम, आमच्या पोरानं काय केलं?” मी फाइल उघडली तशी शेजारची म्हातारी म्हणाली, “सही नको करू व बाई, पोराले घेऊन जातीन.” नंतर कळले, की नवऱ्याच्या आत्महत्येनंतर असेच कोणी घरी येऊन अशाच फायलीत सारे लिहून नेले होते आणि प्रकरण ‘अपात्र’ ठरले होते. कुटुंबाला मिळायची एक लाखाची मदत गेली, घरातले दुःख मात्र चावडीवर गेले. त्या संध्याकाळी मी काहीच लिहिले नाही. मुलगा ट्रॅक्टरवर मजुरीला जातो, एवढे ऐकून परतले. पुढे त्या बाईसोबत मृत्यूचा दाखला, शाळेचे बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक असे एकेक कागद जमवले, तहसीलच्या रांगेत तिच्याजवळ उभी राहिले. बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये खात्यात येऊ लागले आणि मुलगा वर्गात आला. त्यानंतर तीच बाई मला गावातल्या दुसऱ्या एका विधवेच्या घरी घेऊन गेली.

मेळघाटात १९९३पासून कुपोषणाची पाहणी करायला किती पथके आली, किती कॅमेरे आले! लेकराच्या पोटावर डंबा, म्हणजे तापल्या लोखंडाचा चटका, दिला म्हणून आईला रागावणारे पुष्कळ भेटले, तिच्याशी कोरकूत बोलणारे थोडे. फासेपारध्यांचे तर काय सांगावे? १८७१च्या कायद्याने त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, १९५२मध्ये तो शिक्का कागदावर पुसला गेला. पण अनोळखी माणूस मुलाचे नाव विचारू लागला की आजही आईला पोलीस आठवतो. मतीन भोसले यांनी नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला पारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ शाळा काढली, तिथे पालकांनी मुले पाठवली, कारण बोलावणारा माणूस त्यांच्यातलाच होता आणि उद्या निघून जाणारा नव्हता.

विश्वास बसतो कसा, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत स्थानिक कार्यकर्ते घरोघर गेले. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. माणसे तीच, गावे तीच आणि ‘येडा ठरवतीन’ ही भीतीही तीच. ओळखीचा माणूस पुन्हा पुन्हा आला, तेव्हा ती भीती ओसरली.

म्हणून म्हणते, मित्रहो, हे दुखणे एकच आहे. सातवीतल्या त्या मुलाच्या आईचा विश्वास बसायला जेवढा काळ लागतो, तेवढा काळ आपण कार्यकर्त्याला तिथे ठेवत नाही. करार संपतो, नवी मॅडम येते, नवी फाइल उघडते आणि आई पुन्हा तोच प्रश्न विचारते. अल्प मानधनाची पहिली किंमत कार्यकर्ता मोजतो, दुसरी ते मूल मोजते.

शासनाकडे आपली मागणी नेमकी असावी. प्रत्येक केंद्रशाळेला एक प्रशिक्षित समाजकार्यकर्ता द्या. शिक्षणसेवकाप्रमाणे तीन वर्षांनंतर त्याला वेतनश्रेणी द्या. प्रवासखर्च वेळेवर द्या. आणि कामाची वेळ गावाच्या वेळेशी जुळवा, कारण वेचणी-निंदणीच्या हंगामात सकाळी अकरा वाजता आई घरी सापडत नाही. हे अशक्य नाही. १९८४मध्ये मुंबई पोलिसांत टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे राज्य शासनाने तो स्वीकारला. अमेरिकेत न्यूयॉर्क, बोस्टनच्या शाळांतून मुलांच्या घरी जाणारे कार्यकर्ते १९०६-०७पासून आहेत. पोलीस कचेरीत जे जमले, ते शाळेत का जमू नये?

आणि स्वतःकडे आपली मागणी याहून कडक असली पाहिजे. पहिल्या भेटीत फोटो नाही, सही नाही. मुलाला वर्गातून सर्वांसमोर बोलावणे नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. वर्षाच्या आरंभी त्यांच्यासमोर उभे राहून आपण कोण, काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे त्यांच्या बोलीत सांगा. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाची पहिली जागा कुटुंबात आहे, संस्था हा शेवटचा उपाय आहे आणि तो निर्णय बालकल्याण समितीचा असतो, कार्यकर्त्याच्या मर्जीचा नाही, हे सांगा. अवघड तेही सांगा: घरातली गोष्ट आम्ही बाहेर नेणार नाही, पण मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सो कायद्याने ती कळवणे आम्हाला बंधनकारक आहे. आधी लपवून मग कळवणाऱ्याला गाव पुन्हा उभे करत नाही आणि ते योग्यच आहे. मेळघाटात काम करायचे असेल तर कोरकू शिका.

विद्यार्थ्यांनो, या व्यवसायात चांगला पगार आयता मिळणार नाही, तो एकजुटीने मिळवावा लागेल. अमरावती आणि अकोल्याच्या दोन्ही जिल्हा परिषदांकडे या अधिवेशनाचे निवेदन न्या, सोबत शाळा व्यवस्थापन समित्यांचे ठराव न्या. ज्या दिवशी पालक स्वतः म्हणतील, की आमच्या शाळेला शिक्षकाइतकीच या माणसाची गरज आहे, त्या दिवशी आपले पद मंजूर करण्यापासून कोणालाही अंग काढून घेता येणार नाही. उद्यापासून प्रत्येकाने आपल्या भागातल्या एका तरी शाळेच्या पालकसभेत जावे आणि तो ठराव मांडावा, एवढी विनंती करून मी थांबते.

जय हिंद, जय महाराष्ट्र.